कल्याणची शांबरिक खरोलिका

इसवी सन १८९२ मध्यें कल्याण येथील एका गृहस्थानें लोकांचे डोळे फसविण्याचा उद्योग उघडपणें आरंभिला, आणि लोक आपण होऊन फसवून घेण्यास जमूं लागले. या गृहस्थाचें नांव महादेव गोपाळ पटवर्धन. पितळे नांवाच्या स्नेह्याचें त्यांस साहाय्य होतें, आणि पुढें त्यांचे पुत्रही या कामांत उतरले. जागेंत अंधार करावयाचा, समोर पांढरा पडदा ताणावयाचा, आणि एका पेटीच्या नळींतून निघणाऱ्या प्रकाशाच्या झोतांत त्या पडद्यावर रामायण-महाभारतांतील पात्रें आणून उभीं करावयाचीं, असा तो खेळ होता. नुसतीं चित्रें पाहण्यास मिळत असतीं तरी त्या काळच्या प्रेक्षकांना तें पुरेसें नवल वाटलें असतें. परंतु येथें चित्रांतील माणसें हालचाल करीत, आणि ज्यांच्या डोळ्यांना ती हालचाल दिसे त्यांना पक्कें ठाऊक असे कीं, पडद्यावर कांहींच हालत नाहीं.

मुंबईंत वॉटसन हॉटेलमध्यें ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें प्रथम दाखविलीं गेलीं तीं ७ जुलै १८९६ रोजीं. आपल्या देशांतील चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा याच तारखेपासून सांगितला जातो. त्यापूर्वी चार वर्षें, मुंबईपासून अवघ्या तेहतीस-चौतीस मैलांवर, हातानें रंगविलेल्या कांचा घेऊन एक मराठी कुटुंब हलणाऱ्या चित्रांचा खेळ करीत होतें, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत राहिलेली नाहीं. ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आणि केवळ गांवाच्या अभिमानापुरती नव्हे. माणूस पाहतो म्हणजे नेमकें काय करतो, हा अत्यंत अवघड प्रश्न या खेळाच्या निमित्तानें आपल्या दारांत येऊन उभा राहिला होता.

पटवर्धनांनीं आपल्या खेळाला नांव दिलें ‘शांबरिक खरोलिका’. नांव उच्चारण्यास जड खरें, पण तें विचारपूर्वक ठेविलेलें होतें. शंबर हा ऋग्वेदांत इंद्राचा शत्रु म्हणून येतो. पुराणांत तो मोठा मायावी असुर आहे, आणि श्रीकृष्णाचा पुत्र प्रद्युम्न याच्या हातून त्याचा वध होतो. त्या शंबरावरून मायाविद्येस ‘शांबरी’ म्हणूं लागले. तेव्हां शांबरिक खरोलिका म्हणजे मायेचा दिवा. युरोपांत ज्याला ‘मॅजिक लँटर्न’ म्हणत, त्याच यंत्राला हा संस्कृत पेहराव चढविलेला होता. नांवांतच कबुली होती कीं, येथें जें दिसेल ती माया आहे.

कल्याणासारख्या गांवीं हा खेळ निघावा यांत फारसें आश्चर्य नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी आली, आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८५४ च्या मे महिन्यांत, ती कल्याणास पोंचली. पुढें बोरघाट आणि थळघाट या दोन्ही वाटांचे फांटे येथूनच फुटले, आणि जुनें बंदर असलेलें कल्याण लोहमार्गाचें मोठें ठाणें बनलें. गांवांत १८६४ सालीं सार्वजनिक वाचनालय निघालें. परदेशीं जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालीं येथलाच. शेजारीं ठाण्यास १८६६ पासून ‘अरुणोदय’ पत्र निघत होतें, आणि १८९३ सालीं तेथें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. मुंबईच्या दुकानांत विलायतेहून आलेली वस्तु दोन प्रहरीं पाहावी आणि दिवेलागणीपूर्वी घरीं परतून तिचा विचार करावा, इतकें कल्याण मुंबईस जवळ होतें. आणि आपली पुराणें, कीर्तनें व उत्सव यांत रमून राहावें, इतकें तें दूरही होतें. शांबरिक खरोलिका ही या दोन्ही गोष्टींच्या संगमावर जन्मली.

जादूचा कंदील ही वस्तु मात्र त्याहून बरीच जुनी. हॉलंडमधील थोर शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हॉयगेन्स यानें १६५९ च्या सुमारास तो सिद्ध केला. शनीच्या कड्याचें खरें स्वरूप ओळखणारा तो हाच. या गंभीर पुरुषाला आपल्या हातून असें खेळणें निर्माण झाल्याचा थोडा संकोचच वाटत असे. पुढें गांवोगांव कंदील पाठीवर घेऊन फिरणारे खेळवाले निघाले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पॅरिसमध्यें रॉबर्टसन नांवाच्या खेळवाल्यानें तर कंदील चाकांवर बसवून पडद्यामागून पुढें-मागें नेण्याची युक्ति काढली. कंदील पडद्यापासून जसजसा दूर जाई तसतशी भुताची आकृति मोठी होई, आणि प्रेक्षकांना वाटे कीं भूत आपल्याच अंगावर धांवून येत आहे. कांहीं बायका-पुरुष किंचाळत उठत. वस्तु मोठी होतांना दिसली म्हणजे ती जवळ येत आहे असें समजावयाचें, ही मनाची जन्माची संवय. तिच्याच बळावर रॉबर्टसनचें भूत चाले.

या कंदिलाची रचना साधी आहे. पेटींत प्रखर दिवा, त्याच्यापुढें प्रकाश एकत्र करणारें जाड भिंग, त्याच्यापुढें चित्राची कांच, आणि नळीच्या तोंडाशीं प्रतिमा पडद्यावर पाडणारें दुसरें भिंग. या दुसऱ्या भिंगामुळें प्रतिमा उलटी पडते. म्हणून कांच पेटींत घालतांनाच खालीं डोकें वर पाय अशी घालावी लागते. कंदिलाची खरी कसोटी रंगविणाऱ्याच्या हातीं असे. तळहाताएवढ्या कांचेवरील चेहरा पडद्यावर पुरुषभर मोठा होतो. तेव्हां कुंचल्याचा एक केस चुकला तर पडद्यावर नाक बोटभर वांकडें होई. रंगही असे हवेत कीं ज्यांतून प्रकाश पार जाईल. आकृतीच्या भोंवतालची कांच काळी करून टाकिली म्हणजे पडद्यावर फक्त आकृति उमटते, तिची चौकट दिसत नाहीं. आणि मग एका कंदिलानें पाडलेल्या देखाव्यावर दुसऱ्या कंदिलानें पात्र आणून उभें करितां येतें.

पटवर्धन एकाहून अधिक कंदील एकाच वेळीं चालवीत. एकाच पात्राच्या थोड्याथोड्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या कांचांवर रंगविलेल्या असत. पहिली अवस्था मावळते न मावळते तोंच दुसरी त्याच जागीं उगवावी, अशा बेतानें कंदिलांचीं तोंडें उघडावयाचीं व झांकावयाचीं. जोडीला निवेदन, संवाद आणि गाणें असे. विषय बहुतेक रामायण-महाभारतांतील; पण सर्कशीचे देखावेही त्यांत होते. तेंही काळाला धरूनच होतें. कारण विष्णुपंत छत्रे यांची सर्कस १८८० च्या सुमारास सुरू होऊन तिनें सर्व महाराष्ट्राला वेड लावलें होतें.

गाणें आणि कथन यांच्या संगतीनें चित्र दाखविण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हती. सिंधुदुर्गांतील पिंगुळी गांवचे ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी दाखवितात. कागदावरील चित्रें एकामागून एक पुढें धरून कथा गातात. कातडी बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही त्यांच्यापाशीं आहे. अंधार, दिवा, पडदा आणि पुराणकथा हीं चारही अंगें मराठी माणसाच्या परिचयाचीं होतीं. त्यांत भिंग आणि कांच यांची भर पडली, इतकेंच.

आतां मुख्य प्रश्न. पडद्यावर मारुतीचीं दोन निश्चल चित्रें एकामागून एक पडलीं. पहिल्यांत गदा खालीं आहे, दुसऱ्यांत ती वर आहे. मधली अवस्था कोणींच रंगविलेली नाहीं. तरीही प्रेक्षकाला गदा खालून वर जातांना दिसली. ही वर जाणारी गदा कोठें होती? कांचेवर नव्हती, प्रकाशांत नव्हती, पडद्यावरही नव्हती. मग ती पाहिली कोणीं आणि निर्माण केली कोणीं?

या प्रश्नाचें अर्धें उत्तर आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. पेटलेलें कोलीत अंधारांत गरगर फिरविलें म्हणजे अग्नीचें वर्तुळ दिसतें. होळीच्या वेळीं पुष्कळ मुलांनीं हा चाळा केलेला असतो. वर्तुळ खरें नाहीं. ठिणगी एका वेळीं एकाच ठिकाणीं असते. गौडपादाचार्यांनीं मांडूक्योपनिषदावरील आपल्या कारिकांच्या चौथ्या प्रकरणास ‘अलातशांति’ असें नांव दिलें तें याच दृष्टांतावरून. अलात म्हणजे कोलीत. जगाचें दृश्य रूप आणि त्यामागील सत्य यांचा संबंध त्यांना त्या वर्तुळांत दिसला. दोरीवरचा साप, शिंपेवरचें रुपें आणि उन्हांतलें मृगजळ हे वेदांत्यांचे आवडते दृष्टांतही दृष्टीच्या भ्रमाचेच आहेत. मात्र या तिघांची जात एक नाहीं. मृगजळ हा तापलेल्या हवेंत प्रकाश वांकल्यामुळें होणारा प्रकार आहे. त्याचें छायाचित्रही निघतें. दोरीवरचा साप मात्र कोणत्याही छायाचित्रांत येत नाहीं. तो पाहणाऱ्याच्या मनांतूनच निघालेला असतो.

युरोपांत या कोलिताचा अभ्यास यंत्रांच्या मार्गानें झाला. पीटर मार्क रॉजे या वैद्यानें १८२४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक निबंध वाचला. उभ्या फटींच्या आडून धांवत्या गाडीचें चाक पाहिलें असतां त्याचे सरळ आरे वांकडे कां दिसतात, याचा उलगडा त्यांत होता. त्यानें असें मांडलें कीं, डोळ्यावर उमटलेला ठसा वस्तु दूर झाल्यावरही क्षणभर टिकतो. १८३२ सालीं बेल्जममधील जोझेफ प्लातो यानें एक तबकडी बनविली. तिच्या कडेला फटी आणि पृष्ठावर नाचणाऱ्या माणसाच्या क्रमवार अवस्था. आरशासमोर धरून ती फिरविली आणि फटींतून पाहिलें कीं माणूस नाचूं लागे. त्याच सुमारास व्हिएन्नाच्या श्टांफर यानें स्वतंत्रपणें तीच युक्ति शोधली. प्लातोची कथा करुण आहे. लोकांच्या डोळ्यांना हें नवें सुख देणारा हा पुरुष पुढें स्वतः पूर्ण अंध झाला. तरुणपणीं प्रयोगासाठीं त्यानें सूर्याकडे टक लावून पाहिलें त्याचा हा परिणाम, असें पुष्कळ दिवस सांगितलें जात असे. आतांचे जाणकार त्याचें कारण डोळ्याच्या वेगळ्या रोगांत शोधतात. अंधत्वांतही त्यानें आपल्या घरच्यांच्या डोळ्यांनीं पाहून प्रयोग चालविले आणि ग्रंथ सांगितले. १८८३ सालीं तो वारला.

‘ठसा टिकतो म्हणून चित्र हालतें’ हें रॉजेच्या वेळेपासूनचें उत्तर अनेक वर्षें पाठ्यपुस्तकांतून शिकविलें गेलें, आणि आजही पुष्कळ सुशिक्षित माणसें तेंच सांगतात. परंतु थोडा विचार केला तर तें अपुरें आहे हें ध्यानांत येईल. पहिल्या चित्राचा ठसा टिकला आणि त्यावर दुसरें चित्र पडलें, तर दिसावें काय? एक गदा खालीं आणि एक वर, अशा दोन गदा एकमेकींत मिसळलेल्या दिसाव्या. कोलिताच्या बाबतींत नेमकें तसेंच होतें. ठिणग्या मिसळून अखंड वर्तुळ होतें आणि गति नाहींशी होते. ठसा टिकणें हें मिश्रणाचें कारण झालें. गति दिसण्याचें कारण निराळें असलें पाहिजे.

तें कारण शोधण्यास आगगाडीनें मदत केली, असें म्हणतात. १९१० सालीं माक्स व्हेर्टहायमर नांवाचा तरुण मानसशास्त्रज्ञ सुटी घालविण्यासाठीं गाडीनें निघाला होता. वाटेंत या प्रश्नानें त्याला इतकें पछाडलें कीं तो फ्रांकफुर्ट येथें मध्येंच उतरला, आणि चित्रें हलवून दाखविणारें मुलांचें एक खेळणें विकत घेऊन आपल्या खोलींत प्रयोग करूं लागला. १९१२ सालीं त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. अंधारांत दोन रेषा अंतरानें ठेवून त्या एकीमागून एक उजळावयाच्या. दोहोंमधील काळ सुमारें एक पंचमांश सेकंद असला तर आधीं एक, मग दुसरी, अशा दोन रेषा दिसतात. तो काळ सेकंदाच्या तीन शतांशांइतका अल्प केला तर दोन्ही एकदमच पेटल्यासारख्या वाटतात. परंतु या दोहोंच्या मध्यें, सुमारें सहा शतांश सेकंद एवढें अंतर ठेविलें, म्हणजे एकच रेषा एका जागेवरून दुसऱ्या जागीं सरकत गेलेली दिसते. गति बाहेर कोठेंच नाहीं. ती मेंदू निर्माण करितो. कल्याणच्या कंदिलवाल्यांना हे आंकडे कोणी सांगितले नव्हते. कंदिलाचें तोंड केव्हां उघडावें आणि केव्हां मिटावें हें त्यांनीं हाताच्या संवयीनें आणि प्रेक्षकांच्या मुद्रांवरून ओळखलें.

आज कल्याण, डोंबिवली किंवा ठाणें येथील फलाटावर उभ्या असलेल्या प्रत्येक प्रवाशाच्या डोक्यावर हाच प्रयोग चालू असतो. विद्युद्दिव्यांच्या पाटीवर अक्षरें उजवीकडून डावीकडे सरकत जातात. वस्तुतः एकही दिवा जागचा हालत नाहीं. एक विझतो आणि शेजारचा पेटतो, एवढेंच. ती धांवती ओळ वाचणारा प्रत्येक जण आपल्याच मेंदूची कारागिरी वाचीत असतो.

आगगाडी ही दृष्टिभ्रमांची एक फिरती शाळाच आहे. शेजारच्या रुळावरील गाडी सुटली कीं आपलीच सुटली असा भास होतो, आणि फलाटाचा खांब दिसेपर्यंत तो जात नाहीं. खिडकीबाहेर बराच वेळ पाहात राहिल्यावर गाडी थांबली म्हणजे फलाट हळूहळू पुढें सरकूं लागल्यासारखा वाटतो. १८३४ सालीं रॉबर्ट ॲडम्स यानें स्कॉटलंडमधील एका धबधब्याजवळ हाच अनुभव टिपला. कोसळतें पाणी न्याहाळून दृष्टि बाजूच्या खडकावर वळवितांच खडक वर चढूं लागले. एकाच दिशेची गति पाहून मेंदूंतील तो भाग शिणतो, आणि विरुद्ध दिशेचें पारडें जड होतें. फलाटाच्या टोकाशीं उभें राहून रुळांकडे पाहिलें तर ते दूरवर एकत्र मिळाल्यासारखे दिसतात. अशा दोन मिळत जाणाऱ्या रेषांमध्यें सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या तर वरची लांब वाटते. मारिओ पोन्झो या इटालियन पंडिताच्या नांवानें हा भ्रम ओळखला जातो. मन म्हणतें, जी वस्तु दूर असूनही तेवढीच दिसते ती मुळांत मोठी असली पाहिजे.

ठाण्याहून पारसिकच्या डोंगरावर उगवणारा पौर्णिमेचा चंद्र ज्यांनीं पाहिला असेल त्यांना तो परातीएवढा वाटला असेल. तोच मध्यरात्रीं माथ्यावर आला म्हणजे वाटीएवढा होतो. कागदाची सुरळी करून तींतून दोन्ही वेळां पाहिलें तर चंद्र तेवढाच आहे असें आढळतें. किंबहुना क्षितिजावर असतांना तो आपणांपासून किंचित् अधिक दूर, म्हणून मोजमापानें कणभर लहानच असतो. दोन हजार वर्षांपासून विद्वान या भ्रमाचीं कारणें सांगत आहेत, आणि अजून त्यांचें एकमत झालेलें नाहीं.

श्रोत्यांनीं घरीं सहज करून पाहावा असा आणखी एक प्रयोग आहे. पांढऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरांवर एक जाड ठिपका काढावा. डावा डोळा मिटावा, उजव्यानें फुलीकडे पाहात राहावें, आणि कागद हळूहळू जवळ आणावा. डोळ्यापासून वीतभर-दीड वीतीवर ठिपका एकाएकीं नाहींसा होईल. ज्या जागीं दृष्टीची नस डोळ्यांतून बाहेर पडते तेथें पाहण्याची शक्तिच नाहीं. एडम मारिओत यानें सतराव्या शतकांत ही अंध जागा शोधली. पण खरें नवल ठिपका जाण्यांत नाहीं. ठिपक्याच्या जागीं भोंक दिसत नाहीं. तेथें कोरा पांढरा कागद दिसतो. तो कागद डोळ्यानें पाहिलेला नाहीं. भोंवतालचें पाहून मेंदूनें तो रंगवून घेतला. प्रत्येक माणसाच्या डोळ्यांत असा एक पटवर्धन बसलेला आहे, आणि तो जन्मापासून मरेपर्यंत कांचा रंगवीत असतो.

हेरमान हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडितानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच म्हणून ठेविलें होतें कीं, पाहणें हें नकळत केलेलें अनुमान आहे. डोळ्याच्या पडद्यावरील प्रतिमाही कंदिलाच्या कांचेप्रमाणें उलटीच असते. योहान केप्लर यानें १६०४ सालीं तें सिद्ध केलें होतें. ही प्रतिमा लहान, उलटी आणि सपाट असते. तिच्यावरून मेंदूला घर, रस्ता, माणूस, अंतर आणि वेग हें सर्व क्षणार्धांत ठरवावें लागतें. बहुतेक वेळां त्याचा अदमास बरोबर येतो, म्हणून रस्ता ओलांडणारा माणूस सुखरूप पलीकडे जातो. जेथें अदमास चुकतो तेथें आपण ‘भ्रम’ म्हणतों. ज्या शक्तीमुळें भ्रम होतो तिच्याचमुळें दृष्टिही आहे. ती शक्ति गेली तर काय होतें, याचें एक उदाहरण १८८३ मध्यें नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९८३ सालीं जर्मन वैद्यांनीं प्रसिद्ध केलें. मेंदूच्या विकारामुळें एका बाईस गति दिसेनाशी झाली होती. रंग, आकार, चेहरे सर्व दिसत. पण कपांत चहा ओततांना धार तिला गोठल्यासारखी दिसे, आणि कप भरून वाहूं लागला तरी कळत नसे. रस्त्यांत दूर दिसलेली मोटार एकाएकीं अगदीं जवळ येऊन उभी असे. फसविणारा डोळा वाईट असें म्हणणाऱ्यानें या बाईची गोष्ट आठवावी.

पटवर्धनांच्या खेळाचें पुढें जें व्हावयाचें तेंच झालें. १८९६ मध्यें ल्यूमिएरांचें यंत्र आलें. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे लोकांचे सावे दादा, यांनीं १८९९ मध्यें मुंबईंतील कुस्तीचें चित्रण केलें. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. फाळक्यांनीं कांहीं काळ जादूचे प्रयोगही केले होते. आपलें नांव उलटें वाचून ते ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून मिरवीत. चित्रपटकला शिकतांना रात्रंदिवस पडद्यापुढें बसून त्यांची दृष्टि इतकी क्षीण झाली कीं, कांहीं दिवस त्यांस दिसेनासें झालें. उपचारानें ती परत मिळाली. नंतर त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाचीं दिवसांमागून दिवस चित्रें घेतलीं, आणि तें रोप पाहतां पाहतां वाढतांना दाखविलें. कल्याणच्या कंदिलानें जी गति नव्हती ती दाखविली. फाळक्यांच्या वाटाण्यानें जी गति होती पण दिसत नव्हती ती दाखविली. एकच भ्रम एकदां मायेच्या कामीं आला, आणि एकदां सत्याच्या.

नव्या यंत्रापुढें हातानें रंगविलेल्या कांचा टिकणें शक्य नव्हतें. कंदिलाला दोन-चार अवस्था दाखवितां येत. चित्रपटाची फीत सेकंदाला सोळा, आणि बोलपटांच्या काळीं चोवीस चित्रें दाखवी. तत्त्व मात्र बदललें नाहीं. फितीच्या यंत्रांत एक चित्र जाऊन दुसरें येईतों झडपेनें प्रकाश अडविला जाई. म्हणजे तीन तासांच्या चित्रपटांत पडदा जवळजवळ निम्मा वेळ काळाच असे. तो काळोख कोणास दिसला नाहीं, आणि तेवढ्या काळोखाच्या आधारावर नायक-नायिका चालल्या, हंसल्या आणि रडल्या.

शांबरिक खरोलिकेच्या कांचा नाहींशा झाल्या नाहींत, हें आपलें भाग्य. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. त्या संग्रहांत पटवर्धनांच्या कांचा आलेल्या आहेत. त्यांवरील रंग अद्याप बोलतात. परंतु कांच हातीं घेऊन पाहणाऱ्यास तेथें खेळ सांपडणार नाहीं. खेळ कांचेंत कधींच नव्हता. तो अंधारांत बसलेल्या त्या शेंपन्नास माणसांच्या डोक्यांत होता, आणि त्यांच्याबरोबर तो गेला.

या खेळाच्या चालकांची एक गोष्ट विसरतां येत नाहीं. कंदिलाचीं भुतें खरीं म्हणून दाखवून भोळ्या लोकांना लुबाडणारे लोक युरोपांत होऊन गेले. पटवर्धनांनीं आपल्या माया-दिव्याला मायेचेंच नांव दिलें, आणि दिवा लावण्यापूर्वींच प्रेक्षकांना सांगून टाकिलें कीं, हा शंबराचा खेळ आहे. आतां चित्रें काय, आवाज काय, जिवंत माणसाचा चेहराही यंत्राच्या साहाय्यानें हुबेहूब उभा करितां येतो, आणि तो घराघरांतून हातांतल्या कांचेवर पाहिला जातो. डोळ्यांनीं पाहिलें तें खरें, हा जुना न्याय अशा वेळीं पुरत नाहीं. डोळा अनुमान करितो, एवढें ज्यानें ओळखलें तो अनुमान तपासून पाहील. आणि दाखविणाऱ्यानें आपल्या खेळाचें नांव खरें सांगितलें आहे कीं नाहीं, हेंही विचारील. १८९२ सालच्या कल्याणकरांना तें विचारावें लागलें नाहीं; तें दारावरच लिहिल्यासारखें होतें.